विडीभराची सभा

राजाजीनगर तेव्हा नुकतं वसत होतं. कचेरीची बस पकडायला मी सकाळी थांब्यावर उभा राहायचो आणि रस्त्यापलीकडच्या अर्धवट इमारतीपाशी एक मेस्त्री दिसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

काम सुरू होण्याआधी तो गड्यांना गोळा करून विडी पेटवायचा. विडी संपली की सभा संपली. आमच्या कचेरीतल्या सभा दुपारभर चालत आणि उठताना कुणाला काही आठवत नसे. हा मात्र एकाकडे बोट दाखवून कन्नडात एवढंच विचारायचा, "आज तू पडलास तर कुठून पडशील?" गडी हसायचा, मग मान वर करून बांबूच्या परांचीकडे बघत राहायचा आणि विचार करून उत्तर द्यायचा.

एके दिवशी ते बोट माझ्याकडे वळलं. माझ्या हातातलं मराठी वर्तमानपत्र त्याने हेरलं असावं, कारण तो मराठीतच म्हणाला, "अण्णा, रोज बघताय. सांगा की, तिथनं काय दिसतंय?"

मी गांगरलो. "उजवीकडचा वरचा बांबू भिंतीपासून सुटल्यासारखा वाटतोय," म्हणालो.

अर्धी विडी टाकून तो स्वतः वर चढला. उतरला तेव्हा हातात कुजलेल्या दोराची गाठ होती. "वर चढलेल्याला आपल्या पायाखालचं दिसत नाही," तो गड्यांना म्हणाला.

दुसऱ्या दिवशी थांब्यावर मला उभं राहायला जागा नव्हती. सगळे गडी रस्ता ओलांडून तिथे आले होते आणि आपल्याच इमारतीकडे निरखून बघत होते.

"स्वल्प, थोडं सरका रे," मेस्त्री विडी पेटवत म्हणाला, "अण्णांना त्यांची जागा द्या."