वैशालीताई घरी आल्या तो शनिवार

जायफळाचा वास इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या आमच्या घरात सहसा नसायचाच. त्या शनिवारी तो जिना चढून थेट माझ्या खोलीपर्यंत आला... बाहेर नोव्हेंबरचा बारीक, चिकट पाऊस, काचेवर धरलेली वाफ, रेडिएटरवर वाळत घातलेले मोजे — आणि त्या ओलसर, करड्या दुपारी पुरणपोळीचा तो मऊ, तुपकट गंध. मी तेव्हा नऊ वर्षांची. खाली बाबांनी एका अनोळखी बाईंना सोफ्यावर बसवलं होतं.

आई तेव्हा इमिग्रेशन ट्रायब्युनलमध्ये न्यायाधीश होती. या देशात कुणी राहायचं आणि कुणी जायचं, हे ती ठरवायची. सुनावणी संपली की निकाल बहुतेक वेळा घरीच लिहायची, आणि त्या दिवसांत घराला जणू सुतक लागायचं — टीव्ही बंद, जेवणाच्या खोलीचं दार बंद, आमची तोंडंही बंद. मराठी मंडळाचा गणपती तिने सोडला होता, हळदीकुंकू सोडलं होतं. उद्या यातलंच कुणी कोर्टात माझ्यासमोर उभं राहिलं तर, म्हणायची. मला तिचा भारी राग यायचा. बाबा अगदी उलटे. हॉस्पिटलात दिवसभर इंग्रजी बोलून कंटाळलेले, दारात कुणी 'नमस्कार' म्हटलं की विरघळलेच.

तर त्या बाई, वैशालीताई. लंडनच्या हाउन्सलो भागातून बस आणि ट्रेन बदलत, मांडीवर डबा सांभाळत आल्या होत्या. पत्ता मंडळातल्या कुणीतरी दिला होता. बाबांना वाटलं, आईची मैत्रीण. त्यांनी चहा टाकला, गाव विचारलं, ते निघालं त्यांच्याच साताऱ्याकडचं, मग काय विचारता! बरोबर त्यांची मुलगी सई होती, माझ्याच वयाची. ती वर माझ्या खोलीत आली आणि माझ्या बाहुलीचे केस विंचरता विंचरता म्हणाली, "माझा पप्पा आता इंडियाला नाही जाणार. युअर मम इज द जज ना? ती कोर्टमध्ये माझ्या मम्मीला पाणी दिला."

कायदा मला कळत नव्हता, पण आई कळत होती. मी धावत खाली गेले, तोवर बाबांनी पोळीचा पहिला घास घेतला होता, आणि पुढच्या दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

आई दारातच थांबली. हातातल्या छत्रीतून पाणी टपकत होतं. तिने वैशालीताईंकडे पाहिलं, मग बाबांच्या ताटलीकडे... तिचा तसा चेहरा मी कधीच पाहिला नव्हता — रागावलेला नाही, घाबरलेला.

"ताई, मी काही मागायला नाही आले हो," वैशालीताई गडबडीने उठत म्हणाल्या. "तुम्ही आमचं एवढं नीट ऐकून घेतलंत. निकाल काय लागायचा तो लागेल. म्हटलं, आपल्या माणसाला निदान भेटून तरी यावं."

"तुम्ही इथे यायला नको होतं," आई अगदी हळू म्हणाली. "प्लीज, आत्ता निघा."

"चुकलं का काही माझं?"

आईने डबा बंद करून त्यांच्या हातात दिला. माझ्यामागोमाग खाली आलेली सई कोटाची बटणं खालीवर लावत आईकडे टकामका बघत होती. "निदान स्टेशनपर्यंत गाडीने सोडतो," बाबा म्हणाले, तर आई म्हणाली, "नाही." पावसात त्या मायलेकी बसस्टॉपच्या दिशेने गेल्या, आणि मी खिडकीशी उभी राहून मनातल्या मनात आईला दुष्ट म्हणत होते.

सोमवारी आईने वरिष्ठांना सगळं सांगितलं आणि ती केस सोडली. नियमच तसा, पक्षकाराच्या घरचं माणूस डबा घेऊन न्यायाधीशाच्या घरी येऊन गेल्यावर त्या निकालावर कोण विश्वास ठेवणार? दुसऱ्या न्यायाधीशांपुढे सुनावणी पहिल्यापासून झाली, आणि निकाल विरुद्ध गेला. सईचे वडील परत गेले. ती बातमी मंडळातून फिरत फिरत आमच्याकडे आली, आणि तिच्याबरोबर हेही आलं — की आपल्याच माणसांना हिने वाऱ्यावर सोडलं. बाबा कितीतरी दिवस आईशी कामापुरतंच बोलत होते.

गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. परवा आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो. बाहेर तसंच करडं आभाळ... मी इतकी वर्षं गिळून टाकलेला प्रश्न शेवटी विचारलाच. "आई, तू काय ठरवलं होतंस तेव्हा?"

कुठली केस, हे तिला विचारावं लागलं नाही.

"राहू देणार होते," ती म्हणाली. "लिहून होत आलं होतं गं. शेवटचा परिच्छेद तेवढा राहिला होता."

"मग त्यांना कधी सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तुमच्या पुरणपोळीने घात केला, असं?"

तिचे हात थांबले होते. अर्धी सोललेली शेंग तशीच धरून तिने विचारलं, "ती मुलगी आता केवढी झाली असेल?"

"माझ्याएवढी, आई."

ती माझ्याकडे बघत राहिली.