डाव्या खांद्यावरचा डोंगर

आमची सावाको पलीकडच्या किनाऱ्यावर शाळेत इंग्रजी शिकवते. सुट्टीत घरी आली की माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसते आणि मला मुळा चिरायलाही जागा ठेवत नाही. परवा म्हणाली, "आजी, नॅव्हिगेट म्हणजे काय, सांग बघू."

"नाबी," मी म्हटलं. "तुझ्या बापाच्या गाडीतली वाट सांगणारी बाई."

एवढं मलाही कळतं. आमच्या बेटाला रस्ता एकच. धक्क्यापासून निघतो आणि गोल फिरून धक्क्यालाच येतो. त्यावर ती बाई काय कपाळाची वाट दाखवणार? तरी माझ्या मुलाने, तेरुओने, हौसेने बसवून घेतली. "सरळ पुढे जा," म्हणते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला संत्र्यांचे मळे. सरळ नाही जाणार तर कुठे?

सावाकोने मग शब्दाचे अर्थ वाचून दाखवले. खुणा बघत होडी नेणं. अनोळखी गावात वाट शोधणं. कचेऱ्या आणि कागदपत्रं यांच्या जंजाळातून निभावून बाहेर पडणं. कठीण दिवसांतून स्वतःला पार नेणं. प्रत्येक अर्थाचं एकेक वाक्य तिला मुलांसाठी हवं होतं. "पुस्तकात सगळे कप्तानच आहेत गं. आपल्या इकडचं काही सांग."

मला एकच माणूस आठवलं. माझी नणंद, किनुए. पण ती एका वाक्यात मावणारी नव्हती.

वन्सं माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या आमच्याच गावच्या दुसऱ्या टोकाला, यासुकिचीभावोजींच्या घरी नांदत होत्या. नांदत कसल्या, तरंगत होत्या. त्या घरात नवराबायको दोघं मिळून होडीवर जायची रीत होती. होडीला छोटं इंजिन आलेलं होतं, पण मासेमारीच्या जागी पोचलं की ते बंद करायचं आणि वल्ह्याने होडी पाण्याच्या ओढीविरुद्ध धरून ठेवायची. ते बायकोचं काम. नवरा पुढच्या टोकाला, नाळेवर बसून गळ सोडणार, बायको मागच्या टोकाला उभी राहून वल्हं मारणार. दिवसभर तोंडासमोर तोंड. भांडण झालं तरी उठून जायला जागा नाही. वन्सं म्हणायच्या, "शिगे, तुझं बरं आहे. तुझा नवरा रागावला की निदान अंगणात तरी जातो."

भावोजींच्या घराण्याचा एक खडक होता. पाण्याखाली, कुणाला न दिसणारा. चेरी फुलल्या की तिथे तांबडे मासे जमत. समुद्रावर काही पाटी लावता येत नाही, म्हणून आमचे लोक डोंगर जुळवतात. जवळची एक खूण आणि तिच्या मागची दूरची एक खूण, अशी जोडी धरायची. दोन्ही एकावर एक आल्या की आपण एका रेषेवर आहोत, एवढं कळतं. पण रेष लांबलचक असते. म्हणून दुसरीकडची आणखी एक जोडी बघायची. दोन्ही जोड्या एकदम जुळल्या की खाली खडक. आपली जोडी कुणी कुणाला सांगत नाही. सख्ख्या भावालाही नाही.

आणि भावोजींच्या घरात तर याहून पुढची गोष्ट. जोड्या वाटून घेतलेल्या. मागे उभ्या असलेल्या बायकोने समोरची जोडी सांभाळायची, नाळेवर बसलेल्या नवऱ्याने तिच्या डाव्या खांद्यावरून दिसणारी. सासूबाईंनी वन्संना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "वल्हं मारणारीने मान वळवायची नाही. आपल्या वाटणीचं बघायचं. नवऱ्याचा डोंगर बघितला की मासा उठून जातो." त्यात किती खरं, देव जाणे. मला वाटतं, वल्हं मारताना मान वळवली की होडी फिरते, एवढंच. पण वन्संनी अकरा वर्षं मान वळवली नाही.

त्यांची जोडी मला पुढे माहीत झाली. पलीकडच्या किनाऱ्यावर पांढरा कडा आहे, त्याच्या बरोबर मागे खोगिरासारखा दबलेला डोंगर आला पाहिजे. खोगिराच्या मधोमध कडा. त्या हाक द्यायच्या, "माझं बसलं!" आणि भावोजी म्हणायचे, "थांब, माझा अजून झोपलाय." मग थोड्या वेळाने, "उठला!" आणि गळ खाली.

कधी तरी वन्संनी विचारलं होतं म्हणे, "अहो, तुमचा डोंगर दिसतो तरी कसा?"

"तुझ्यापेक्षा देखणा आहे."

"मग त्याच्याच हातचं जेवा."

एवढ्यावर विषय संपला. घाई कुणाला होती? रोज उद्या जायचंच होतं.

त्या वर्षी चेरी फुलल्या आणि वन्सं तापाने पडल्या. भावोजी दोन दिवस थांबले. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "एकटाच जाऊन येतो. दोन्ही डोंगर मीच बघेन, तू झोप." वन्सं म्हणाल्या, "माझ्या डोंगराला माझा नमस्कार सांगा." दुपारी वारा फिरला. संध्याकाळी होडी सापडली, दोन बेटं पलीकडे, रिकामी. गळ पाण्यात सोडलेलाच होता. म्हणजे ते जागेवर पोचले होते.

गावच्या सगळ्या होड्या गेल्या. वन्संनी अंगात ताप असताना धक्क्यावर येऊन आपली जोडी सगळ्यांसमोर सांगून टाकली. घराण्याची गोष्ट, पण त्या वेळी काय लपवायचं? लोकांनी ती रेष या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन दिवस विंचरली. काही मिळालं नाही. दुसरी जोडी एकाच माणसाला ठाऊक होती आणि शोध त्याचाच चालला होता.

पुढे कचेरीत कागद भरायची वेळ आली. मी सोबत होते. कागदावर एक चौकोन, मृत्यूचं ठिकाण. वन्संनी कारकुनाला सांगितलं, "पांढरा कडा खोगिराच्या मधोमध येतो ना, त्या रेषेवर."

"रेषेवर कुठे, बाई?"

"तेच मला माहीत नाही."

तो बिचारा भला माणूस होता. त्याने पेन खाली ठेवलं, थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं, आणि लिहिलं, 'बेटाच्या उत्तरेस, समुद्रात.' बाहेर आल्यावर वन्सं म्हणाल्या, "उत्तरेस समुद्रात तर अर्धा देश आहे, शिगे."

मूलबाळ नव्हतं. सासूबाई होत्या, त्यांचं शेवटपर्यंत केलं. होडी देऊन टाकली. बारके तारली मासे उकडून वाळवतात त्या शेडमध्ये कामाला लागल्या आणि दहा वर्षांत तिथल्या सगळ्या बायकांच्या मुकादम झाल्या. कुणाचा नवरा पितो, कुणाला दवाखान्यात जायचंय आणि मोठ्या गावात कुठल्या बसमध्ये चढायचं कळत नाही, सगळ्याजणी वन्संकडे. ज्या बाईने तोवर कधी बस बघितली नव्हती, ती आधी स्वतः जाऊन यायची आणि मग कागदावर चित्रं काढून बायकांना वाटा सांगायची: इथे लाल छपराचं दुकान, त्याच्या मागे पाण्याची टाकी आली की उतरा. गावातसुद्धा डोंगर जुळवायच्या. आणि कुणी चुकलं नाही कधी.

होडीत मात्र पाय ठेवला नाही. पलीकडे जायला मोठी बोट असते, तिच्यातून गेल्या तरी आत खाली बसायच्या, खिडकीकडे पाठ करून. मी एकदा म्हटलं, "वन्सं, एकदा जाऊन मागे वळून बघा ना. डोंगर काय पळून गेलेत?"

"ती त्यांची बाजू आहे," म्हणाल्या. मला राग आला होता तेव्हा. माणूस गेला, सासू गेली, आता कसली बाजू?  वर्षातून एकदा, चेरी फुलल्या की त्या धक्क्याच्या भिंतीवर बसायच्या, पांढऱ्या कड्याकडे बघत. तिथून कडा खोगिराच्या बराच डावीकडे दिसतो. न जुळलेला.

मग तेहतिसावं वर्ष आलं. आमच्याकडे तेहतिसाव्या वर्षाचं श्राद्ध शेवटचं. त्यानंतर त्या माणसाला वेगळं नाव घेऊन बोलवत नाहीत. तो सगळ्या पूर्वजांत मिसळला, असं धरतात. महिनाभर आधी वन्सं माझ्याकडे आल्या. वाफाळता चहा समोर ठेवला तो त्यांनी गार होऊ दिला.

"शिगे, नावाने हाक मारता येते आहे तोवर मला एकदा त्यांच्या डोक्यावर जाऊन उभं राहायचंय. तेरुओला विचारशील?"

तेरुओ तेव्हा चाळिशीचा, नव्या होडीचा नवा मालक. त्याच्या होडीत यंत्रच यंत्र. एकावर समुद्राचा नकाशा, दुसऱ्यावर पाण्याखालचा तळ. तो खुशीत म्हणाला, "आत्या, जागेचा आकडा सांगा फक्त. यंत्र नेऊन उभं करतं."

"आकडा नाही रे बाळा. अर्धा डोंगर आहे."

सकाळी निघालो, आम्ही तिघं. वन्संनी साके दारूची बाटली कापडात गुंडाळून मांडीवर धरलेली, जणू तान्हं मूल. वारा नव्हता, ऊन कोवळं. त्या तेरुओच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि समोर बघू लागल्या.

"डावीकडे. अजून. अरे, किती गेलास! परत ये. आता धर. कडा खोगिरात बसलाय, हलू देऊ नकोस."

"आत्या, गाडीतली बाई तुमच्यापेक्षा गोड बोलते."

"तिला मासे पकडायचे नसतात."

होडी त्या रेषेवरून चालली. तेरुओ तळाच्या यंत्राकडे बघत होता. सगळा वाळूचा सपाट तळ, आणि मग एक उंचवटा आला. थोडं पुढे दुसरा. आणखी पुढे तिसरा. त्याने होडी थांबवली. "तीन खडक आहेत, आत्या. तिन्ही या रेषेवर. काकांचा यातला एक."

वन्संनी बाटली काखेत घट्ट धरली. मग म्हणाल्या, "शिगे, तू मागे जा. टोकाला उभी राहा, मी राहायचे तशी. तोंड पुढे."

माझं वय तेव्हा साठीच्या पुढे, गुडघेदुखीचा सुकाळ. धरत धरत मागे गेले आणि उभी राहिले. वन्सं नाळेकडे गेल्या. तिथे जरा थांबल्या. मग माझ्याकडे तोंड करून भावोजींच्या जागी बसल्या.

तेरुओने होडी मागे घेऊन पहिल्या खडकावर धरली, नाळ कड्याकडे ठेवून. वन्संनी माझ्या डाव्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. "इथे काहीच जुळत नाही. पुढे घे."

दुसऱ्या खडकावर होडी थांबली. वन्सं बघत राहिल्या. मला मागचं काही दिसत नव्हतं, मला दिसत होता त्यांचा चेहरा. तो हळूहळू सैल पडत गेला, ताप उतरताना पडतो तसा.

"काय दिसतंय, वन्सं?"

"छोटं बेट आहे बघ, माकडाच्या डोक्याएवढं. त्याच्या मागे उंच डोंगर. बेट त्याच्या पोटाशी बरोब्बर बसलंय." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि ते सगळं तुझ्या कानाला लागून. डोंगर बघायचा तर आधी तुझा कान दिसतो, मग केस, मग डोंगर."

 भावोजी अकरा वर्षं त्या जागी बसून काय बघत होते, ते आम्हा दोघींनाही कळलं होतं.

तेरुओ अधीर. "आत्या, तिसराही बघून घेऊ ना? खात्री होईल."

"नको."

"पण हाच कशावरून?"

"देखणा आहे," वन्सं म्हणाल्या.

त्यांनी बाटली उघडली आणि काठावरून वाकून साके पाण्यात ओतलं, घाई न करता, शेवटच्या थेंबापर्यंत. नावाने हाक मारली, एकदाच. मोठ्याने नाही, जेवायला या म्हणून घरातल्या घरात मारतो तेवढीच. मग पुन्हा नीट बसल्या आणि माझ्या खांद्यावरून बघू लागल्या.

तेरुओने यंत्राच्या बटणावर बोट ठेवलं. "जागा नोंदवून ठेवू? पुढच्या वेळी थेट येता येईल."

"पुढच्या वेळी ते सगळ्यांमध्ये असतील रे. मग समुद्रात कुठेही ओतलं तरी चालतं." मग म्हणाल्या, "इंजिन लगेच लावू नकोस. राहू दे थोडा वेळ."

ओहोटी लागली होती. होडी आपोआप सरकू लागली, इतकी सावकाश की पाण्याकडे बघून कळत नव्हतं. वन्संना कळत होतं. त्या हळूच सांगत होत्या, मला की स्वतःलाच, कोण जाणे: बेट निसटलं, आता डोंगराच्या कडेला आलं, आता बाहेर गेलं, आता मधे पाणी दिसतंय. माझ्या गुडघ्यात कळा येत होत्या, मानेला रग लागली होती. खाली बसावंसं फार वाटत होतं. पण बसले असते तर त्यांच्या समोरून मधलं माणूस गेलं असतं, म्हणून त्या स्वतः उठेपर्यंत मी तशीच उभी राहिले.