गोदूला न आलेली सुपारी

आमच्या घरात दोन सुना एकाच मांडवात आल्या. थोरल्या नथूची गोदू आणि धाकट्या देवरामची मी, जनी. दुसरी लढाई सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची ही गोष्ट. मी सापगावची. सकाळी निघालं तर दुपारच्या भाकरीला माहेरी पोचणारी. गोदू मुरबाडकडची, तिचं माहेर दोन डोंगरांच्या पल्याड. बैलगाडीतून उतरली तेव्हा डोळे चोळत होती. मी विचारलं, "रडतेस का धूळ गेली?" तर म्हणाली, "दोनी."

तेवढ्यावर आमचं जमलं. नात्यानं थोरली म्हणून चारचौघांत मी तिला बाय म्हणायची. दोघीच असलो की गोदे.

आमचा गाव शेणव्याच्या अलीकडचा. आमच्याकडे लग्नाची हळद घरच्या जात्यावर दळायची, आणि दळताना धवला म्हणायचा. धवला म्हणजे लग्नातली गाणी. त्यात गावच्या सगळ्या देवांना नाव घेऊन लग्नाचं आवतान द्यायचं, मुलीच्या गावच्या आणि मुलाच्या गावच्याही. हे म्हणणाऱ्या पाच बाया ठरलेल्या असत आणि त्यांची म्होरकी सकुबाई. त्या पाचांत जागा मिळाली की सासुरवाशिणीचे दिवस पालटायचे. विहिरीवर तिला आधी वाट मिळे. सासू तिला लोकांदेखत टाकून बोलत नसे. आणि लग्नसराईभर चार बायांची सोबत मिळे. एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या आणि त्याला देवाचं काम म्हणायचं, याहून सुख ते कुठलं?

त्या साली पाचातल्या दोन जागा रिकाम्या झाल्या होत्या. एक बाई वारली होती, एक लेकाकडे खर्डीला राहायला गेली होती. आणि गावात नव्या सुना होत्या चार.

रीत अशी होती की माघ-फाल्गुनातल्या लग्नांत नव्या सुनांना मागं बसवायचं, झील धरायला. पुढचीनं ओळ म्हटली की मागून तीच उचलायची. मग सकुबाई एकेकीला त्या सराईत एकदाच पुढं बोलवायची. जागा मिळाली का नाही ते तेव्हा सांगायची नाही. पाडव्याच्या सकाळी तिची सून रंभा सूप घेऊन निघायची. सुपात हळद लावलेल्या सुपाऱ्या, वर पळसाचं पान. जिच्या दारात सूप थांबलं तिची जागा झाली, जुनीची असो का नवीची. तोंडानं कुणी कुणाला नाही म्हणत नसे. ते काम सुपाकडे होतं.

गोदूनं ती सुपारी पहिल्या दिवसापासून मनात धरली होती. तिची आजी माहेरी धवला म्हणायची, तिच्या मांडीवर बसून ही शिकली होती. गळा फार उंच नव्हता पण दमदार होता. भिजलेल्या दोरासारखा, ओढला तरी तुटायचा नाही. माझा आवाज म्हणजे तडा गेलेलं गाडगं. मी झील धरली की पुढची बाई दचकून मागं बघायची.

गोदू नाचणी दळताना मला म्हणायची, "जने, तिथं बसले ना, मंग मला इथलं वाटंल. आता कसं, परक्याच्या घरी पानी प्यायला उभी हाय असं वाटतं."

मी म्हणायची, "तुलाच मिळंल गो. तुझ्यासारखा गळा हाय कुणाचा?"

हे मी म्हणायला नको होतं. दुसऱ्याच्या सुपातलं आपण आधीच वाटून टाकू नये. पण तेव्हा माझं वय चौदा.

फाल्गुनात गावातल्या कोंडूच्या घरी लेकीचं लग्न होतं. सकुबाईनं पहिल्यांदा मला पुढं घेतलं. मी दोन ओळी म्हटल्या, तिसरी विसरले आणि खोकले. सकुबाई म्हणाली, "लाजते पोर. बरं हाय." मग गोदूला म्हणाली, "आता तू घे."

गोदूनं जात्याचा खुंटा धरला, डोळे मिटले आणि सुरू केलं. पहिलं आवतान तिनं दिलं ते शिवेवरच्या वाघोबाला. कुठल्या शिवेवरच्या? तिच्या बापाच्या!

तिच्या माहेरी तीच रीत. म्हणणारीनं आधी आपल्या माहेरच्या शिवेचा देव घ्यायचा, मग लग्नघरचा. देवानं वाट दिल्याशिवाय गळा उघडत नाही, असं तिच्या आजीचं म्हणणं. आमच्याकडे ज्याच्या घरी हळद त्याची गावदेवी पहिली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. मलाच कुठं ठाऊक होतं की दुसरीकडे दुसरं असतं!

बायांचे हात थबकले आणि जातं थांबलं. हळदीचं जातं एकदा फिरायला लागलं की दाणा संपेस्तोवर थांबवायचं नसतं. ते मुलीला चांगलं नसतं म्हणत.

रंभा मागून म्हणाली, "हिनं लगीन कुणाचं काढलंय गो? बापाचं का?"

बाया हसल्या. मीही हसले. ते आता लिहिताना बरं वाटत नाही, पण हसले होते.

सकुबाई हसली नाही. तिनं खुंटा धरून जातं पुन्हा फिरवलं आणि गावदेवीपासून सगळं नव्यानं म्हटलं. गोदू मागं येऊन बसली. वाटेत मला म्हणाली, "चुकलं. पन पुढचं तर त्यांनी ऐकलंच नाय. ऐकतील. देतील."

पाडव्याला ती पहाटेच उठली. अंगण सारवलं, उंबऱ्यावर हळदीची बोटं ओढली, रंभेच्या पायांवर घालायला पाण्याचा तांब्या भरून दारात ठेवला. सासू म्हणाली, "आज राजा येनार हाय काय आपल्याकडं?" गोदू नुसती हसली.

सूप आलं. आमच्या दारात थांबलं, हे मुद्दाम लिहिते. दोन दारं असती तर सूप तिच्या दारावरून गेलं असतं, तिनं मान फिरवली असती. पण आमचं दार एकच. गोदू तांब्या घेऊन पुढं झाली, रंभेच्या पायांवर पाणी घातलं, पदरानं पाय पुसले आणि हात पुढं केला. रंभेनं पान उचललं, सुपारी घेतली आणि गोदूच्या खांद्यावरून माझ्याकडं बघून म्हणाली, "जने, ये की. का तुला आता वाजत-गाजत आनू?"

मी पुढं गेले. माझ्या आईचं आणि सकुबाईचं माहेर एकच, हे गावात कुणाला सांगायला नको होतं. सुपारी एवढीशी, पण हातात घेतली तर हात जड झाला.

दुसऱ्या रिकाम्या जागेची सुपारी कोंडूच्या सुनेला गेली. गोदूनं तांब्या उचलला. उरलेलं पाणी तुळशीला घातलं. मग तव्यावर भाकर टाकून मला म्हणाली, "तुला झाली ते बरं झालं. एका घरात दोन दिल्या असत्या तर लोक बोलले असते."

मला म्हणायचं होतं, घे ही, तूच जा. पण मी म्हटलं नाही. मलाही ती जागा हवी होती. गाडग्यालाही वाटतं आपल्यात कुणी पाणी भरावं.

दुसऱ्या साली एक जागा पुन्हा निघाली. गोदू पुन्हा मागं बसली, मग सकुबाईनं तिला पुढं बोलवलं. गावदेवी पहिली, मग उंबराखालचा म्हसोबा, मग ओढ्यावरच्या सात आसरा, सगळं तिनं आमच्या रितीनं पाठ केलं होतं. एक अक्षर इकडचं तिकडं झालं नाही.  मला वाटलं, आता हिची जागा झाली. मग सकुबाई पानाचा देठ तोडत म्हणाली, "गळा बरा हाय. पन हिच्या तोंडात तिकडचा देव बसलाय, तो उठायचा नाय."

त्या पाडव्याला गोदूनं अंगण सारवलं नाही. उजाडताच विळा घेऊन लाकडाला निघाली. "कुनी इचारलं तर सांग, तिला आज पाडवा हाय हे ध्यानातच नवतं."

कुणी विचारलं नाही. ती मोळी घेऊन आली तेव्हा सूप जाऊन भाकऱ्याही गार झाल्या होत्या. तिनं मोळी टाकली आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. मी मान खाली घातली. "बरं," म्हणाली आणि पाणी प्यायली. उभ्यानंच.

त्यानंतर ती मागं बसायला गेली नाही. कुणी बोलवलंही नाही. नथूभावजी लाकडाच्या वखारीत कामाला, पंधरवड्याला घरी यायचे. आम्ही पाचजणी लग्नघरी निघालो की गोदू घरी. आमची धाकटी नणंद राही तेव्हा सहा-सात वर्षांची, ती तिच्या पाठी असायची. राहीची वेणी गोदूच घालायची, तिच्या डोक्यातल्या उवाही तीच काढायची. बाकी दिवसभर घरात शब्द नाही. मी संध्याकाळी हळदीच्या हातांनी परत आले की विचारायची, "काय काय झालं?" मी सांगायची. पण मी दाराशी आले की आतलं गाणं बंद व्हायचं, हेही खरं. जातं फिरत असायचं, गाणं नसायचं. ती मला ते कधी देत नव्हती. माझ्या हातून काहीतरी गेलं होतं आणि कुठं हरवलं तेही मला ठाऊक होतं.

लढाई संपत आली होती, रॉकेल रेशनवर मिळायचं, त्या सुमाराला राहीचं लग्न ठरलं. मुलगा गोदूच्या मामेभावाचा, तिच्या आजोळचा, मुरबाडकडचा. स्थळ गोदूनंच सुचवलेलं.

हळद आमच्याच घरी. ओटीवर जातं मांडलं, सकुबाई बसली. ती आता थकली होती, पण खुंट्यावर पहिला हात तिचाच. आमची गावदेवी झाली, म्हसोबा झाला, सात आसरा झाल्या. आता मुलाकडचे देव. आणि सकुबाई अडली.

आमच्या मुली शेणव्यात, खर्डीत, फार तर सापगावात जायच्या. तिकडचे देव तिला तोंडपाठ. डोंगरापल्याड आमची मुलगी पहिल्यांदाच चालली होती. जातं तर थांबवायचं नव्हतं. सकुबाई तीच ओळ पुन्हा म्हणाली, मग पुन्हा. सुपातली हळकुंडं संपत आली. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या, आणि मग सगळ्या कुडाच्या भिंतीकडं. भिंतीपलीकडं गोदू भाकऱ्या थापत होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

सकुबाईनं हाक मारली नाही. मी खुंटा सोडून आत पळाले.

"गोदे, चल. तिकडचे देव तुलाच ठाव."

"माज्यासाठी जागा केलीय तिथं?"

मी हळदीचे हात पदराला पुसले.

तिनं पीठ मळलं. चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग हळू आवाजात म्हणाली, "राहीसाठी सांगते. तू म्हन. पहिली टेकडीवरची आई. मंग तळ्याकाठचा चेडोबा. जा."

मी बाहेर धावले, म्हटलं, बायांनी झील धरली. पुन्हा आत.

"मंग वडाखालचा वेताळ. त्याला दोनदा म्हन, त्याला कमी ऐकू येतं."

मी हसले. ती नाही हसली. अशा मी चार खेपा केल्या. तिच्या तोंडची नावं माझ्या फुटक्या गळ्यातून ओटीवर गेली. आत गळा होता, बाहेर गाडगं. सगळ्यांना कळत होतं, पण कुणी हसलं नाही. रंभासुद्धा.

शेवटच्या खेपेला तिनं म्हटलं, "झाले. एवढेच."

"आनि शिवेवरचा वाघोबा? तुझ्या बापाचा?"

"त्याला नको. तो त्या वाटेवर येत नाय." आणि भाकर उलटली.

मी बाहेर आले. मूठभर हळकुंडं उरली होती. मी खुंटा धरला आणि कुणाला न विचारता म्हटलं, शेवटचं आवतान गोदूच्या बापाच्या शिवेवरच्या वाघोबाला. सकुबाईनं माझ्याकडं बघितलं. पण जातं फिरत होतं, झील द्यावीच लागते. तिनं ती दिली. बाकीच्यांनीही दिली.

भिंतीपलीकडं भाकर थापायचा आवाज थांबला. मी मनात मोजत होते. चार फेरे झाले जात्याचे. मग पुन्हा थापायला लागली.

पुढच्या पाडव्याला सुपारी तिला आली, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. नाही आली. सकुबाई त्या दिवसाबद्दल कधी काही बोलली नाही, रंभेचं सूप नेहमीसारखं निघालं. राही सासरी गेलेली. त्या सकाळी गोदू घरात एकटीच दळत, गात बसली होती. मी आत गेले, समोर बसले आणि खुंट्याला हात लावला. वाटलं, आता गाणं थांबेल. थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं.

"बसायचं तर बस," म्हणाली, "पन तोंड उघडू नको."

मी नाही उघडलं. दारात रंभेनं हाक मारली, "जने!" मी उठले नाही. ती दोनदा हाक मारून, सुपारी उंबऱ्यावर ठेवून गेली असावी. आत जातं फिरत होतं आणि गोदूनं सुरू केलं होतं, पहिलं शिवेवरच्या वाघोबाला.