मोकळी फेरी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि ज्यांचा आहे त्यांची मी चारचौघांत टर उडवायचे. हे आधीच सांगते, म्हणजे माझी उडवायला तुम्ही मोकळे!

मी मेकॅनिकल इंजिनिअर. साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. पार्कमधल्या राइडवर माणूस उडून पडू नये म्हणून मांडीवर जो दांडा येऊन बसतो ना – लॅप बार – तो आम्ही बनवतो.

वाईहून साताऱ्याकडे येताना, हायवेपासून थोडं आत, एका नव्या पार्कमध्ये आमच्या दांड्यांचा पहिला मोठा पाळणा उभा राहिला होता. होडीसारखा झुलत वर जाणारा. ऑपरेटर माझाच चुलतभाऊ संभादादा, फौजेतून रिटायर झालेला. जत्रेतले पाळणेवाले नव्या पाळण्याची पहिली फेरी रिकामी फिरवतात; ती न दिसणाऱ्यांची, म्हणून तेव्हा कुणालाही बसू देत नाहीत. उद्घाटनाच्या सकाळी दादा त्यावरच अडून बसला.

"काल वाळूची पोती बसवून ट्रायल झाली की," पार्कचे मालक म्हणाले. "तीच पहिली फेरी."

"आवं, पोत्यांची फेरी न्हाई चालत. मोकळी लागती."

मला हसू आलं. मालकांनी तोवर फोटोसाठी पोरं बसवलीसुद्धा. त्यात माझी रेवा – नऊ वर्षांची, शेवटच्या रांगेत, कडेला.

राइड सुरू व्हायच्या आधी मी प्रत्येक दांडा स्वतः ओढून बघते. रेवाचा दांडा तिच्या मांडीच्या वीतभर वरच थांबला होता. पॅनलवर मात्र हिरवा दिवा, म्हणजे लॉक व्यवस्थित. एवढ्या फटीतून पोर पहिल्याच मोठ्या झोक्याला निसटली असती! मी दोन्ही हातांनी जोर लावून दाबला. हलेना. मध्ये हात घालून पाहिला... काहीच नव्हतं.

"आई... मांडी जड झालीय," रेवा हळूच म्हणाली.

"दादा, चालू करू नकोस! सोड सगळ्यांना!"

त्याने लॉक सोडलं. सगळे दांडे वर गेले, रेवाचा सोडून. बाकीची पोरं उतरून पळाली, माझी तिथेच. शेवटी दादाने आणि मी तिला त्या फटीतूनच खाली ओढायला घेतलं. पोरं निसटू नयेत म्हणून मी दांडे बनवते, आणि माझी पोर मी स्वतः दांड्याखालून ओढत होते. रेवा म्हणजे काडीपैलवान, पण दोघांनाही ओढवेना.

"लय जड हाय गं ही," दादा धापा टाकत म्हणाला.

ती बाहेर आली, आणि त्याच क्षणी दांडा कटकटकट करत रिकाम्या सीटवर पार खाली जाऊन बसला. सुटले बाई एकदाची, असं वाटलं मला! दादाने लगेच मोकळी फेरी फिरवली, हात जोडले. नंतर मी तो दांडा सबंध खोलून पाहिला. काही म्हणजे काही बिघडलेलं नव्हतं.

दुपारी आम्ही कोरेगावला, घरी निघालो. मी रेवाचा सीटबेल्ट लावला आणि घट्ट ओढला. पट्टा मांडीपर्यंत गेलाच नाही.

"आई, नको ना ओढूस," ती म्हणाली. "तिला लागतंय."

"कुणाला गं?"

रेवाने दोन्ही हात पुढे घेतले, मांडीवरच्या लहान पोराला सावरून धरतात तसे.

डॉक्टर झाले, दादाच्या सांगण्यावरून नारळ झाला. मला अजून कशाचाच उलगडा झालेला नाही, कुणाला होत असेल तर खरंच सांगा... रेवा शाळेत जाते, खेळते, नीट जेवते. फक्त कुठेही बसली की आधी पाय जुळवते, फ्रॉक सारखा करते, आणि खाली बघून म्हणते – "हं, बस आता."