जयवंताची भिंत

सौंसरात चुना मारणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण इंदूनं मारलेल्या भिंतीवर खालचा डाग वर येत नाही, असं सगळे म्हणत. चुलीच्या धुरानं काळी पडलेली भिंत असो की पावसाळ्यात ओल धरलेली, इंदूचा चुना एकदा बसला की दिवाळीपासून दिवाळीपर्यंत हलायचा नाही. यात जादू नव्हती, चिकाटी होती. बाकीच्या बायका काम उरकायला चुना जाड कालवत आणि एकदाच थापत. थोड्याच दिवसांत त्याचे पोपडे खाली. इंदू आधी भिंत झाडायची, पाणी मारून भिजवायची, गाळलेल्या पातळ चुन्यात सरस आणि थोडी नीळ घालायची आणि अंबाडीच्या कुंच्यानं एक थर उभा, त्यावर दुसरा आडवा, असं मारत जायची. घरमालकिणी कुरकुरत, की भिंत तर होती तशीच दिसते. दिसणारच. ओला चुना खालचं सगळं दाखवतो, पांढरा होतो तो सुकल्यावर. सुकू द्या बाई, एवढंच इंदू म्हणायची.

ओल्या चुन्याच्या याच गुणानं पुढं काही वर्षं तिला तारलं.

कारण चुन्यानंच तिचे डोळे खाल्ले होते. एका दसऱ्याआधी पिंपात कळीचा चुना विझवताना तो उसळला आणि तिच्या डाव्या डोळ्यात गेला. तो डोळा गेलाच. मग उजव्यावरही साय धरू लागली. छिंदवाड्याला डोळ्यांच्या शिबिरात डॉक्टरांनी सांगितलं, चुन्याजवळ जायचं नाही. सांगायला डॉक्टरांचं काय जातं? इंदूचा नवरा हिरामण कधीच वारला होता, मूलबाळ नव्हतं, दीर देवीदासच्या घरात ती एका कोपऱ्यात राहायची. जाऊ कुसुम तशी वाईट नव्हती, पण हात चालतात तोवर भाकर आहे, हे तिनं एकदा चुलीपुढं बसून सरळ सांगून टाकलं होतं. आणि आंधळ्या बाईला भिंत कोण देणार? म्हणून इंदूनं घरीदारी कुणालाच काही कळू दिलं नाही. तिला उजेड कळे, माणूस हलला की सावली हललेली कळे. बाकी सगळं बोटांवर. चुना लागलेली जागा बोटाला बुळबुळीत लागते, सुटलेली खरखरीत. ओल्या भिंतीवर डोळस बाईलाही काही समजत नाही, तिथं हिचं बिंग कोण फोडणार?

कलाबाईचं घर तिच्याकडं फार वर्षांपासून होतं. संत्र्याचे बगीचे असलेली माणसं, सगळ्या खोल्यांना डिस्टेंपर लावायची ऐपत होती आणि बाहेरच्या खोल्यांना तो लागलाही होता. माजघराला मात्र कलाबाईनं लावू दिला नाही. माजघराच्या एका भिंतीवर हळदीच्या दोन तळव्यांचे ठसे होते. लग्न होऊन निघताना मुलीनं ते उमटवून जायचं, ही त्या घरची रीत. कलाबाईची जयवंता ते उमटवून गेली आणि वर्षाच्या आत पहिल्या बाळंतपणात सासरीच संपली. तिचा एकुलता एक फोटो सासरच्यांकडं राहिला, तो आलाच नाही. आईजवळ उरले ते हे ठसे. रोज सकाळी देवाला दिवा लावला की कलाबाई तिथं जाऊन उभी राहायची.

दर दिवाळीला इंदू ते ठसे सोडून चुना मारायची. थरावर थर चढले आणि ठशांभोवती पोळीच्या जाडीचा काठ तयार झाला. डोळे गेल्यावर या काठानंच तिला सांभाळलं. बोटाला काठ लागला की कुंचा थांबवायचा.

इंदू बौद्धवाड्यातली. चुन्याची बादली हातात असली तर माजघरापर्यंत यायचं, नसली तर ओसरीवर थांबायचं. चहा पिऊन कप आपणच विसळून बाहेरच्या कोनाड्यात पालथा घालायचा. मजुरी कलाबाई वरून टाकायची, इंदू पदर पसरायची. जयवंता तेवढी लहानपणी नीळ कालवायला म्हणून इंदूच्या मांडीवर येऊन बसायची आणि मग आईच्या हातची आंघोळ करून घ्यायची. त्या पोरीची इंदूला फार माया होती.

पंच्याऐंशी सालच्या दिवाळीत कलाबाईच्या मुलानं, अरविंदनं, एक चांगलं काम केलं. भिंतीचे जुने थर फुगले होते; वरून कितीही मारला तरी नवा चुना त्यांच्यासकट गळून येणार. म्हणून इंदू यायच्या आधी त्यानं अख्खी भिंत पत्र्यानं खरवडून काढली. बहिणीचे ठसे तेवढे, बोटाबोटांच्या फटीतून पत्रा फिरवत, जपून ठेवले. तुमचं काम हलकं केलं, असं इंदूला सांगून तो बगीच्याकडं निघून गेला.

इंदूनं भिंतीवरून तळवा फिरवला. सगळी सपाट. काठ कुठंच नाही.  ठसे खिडकीच्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, एवढं आठवत होतं. पण खिडकीपासून किती? तिनं पुन्हा चाचपलं. इतक्या वर्षांची वाळलेली हळद बोटाला काय लागणार? कलाबाई आत चकल्या करत होती. एक हाक मारायची होती, की बाई, ठसे कुठं आहेत तेवढं दाखवा. पण ते तोंडातून निघालं असतं तर तिच्या डोळ्यांची गोष्ट संध्याकाळपर्यंत सौंसरभर झाली असती, आणि मग कुसुमच्या चुलीपर्यंत.  शेवटी तिनं अंदाजानं खिडकीजवळची जागा सोडली आणि बाकीच्या भिंतीवर चुना चढवायला घेतला.

अंदाज हातभर चुकला.

हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे भातुकली खेळणाऱ्या पोरीलाही माहीत असतं. ओल्या भिंतीतून जयवंताचे दोन्ही तळवे कुंकवासारखे लाल होऊन वर आले. इंदू त्यांच्यासमोर उभी राहून दुसरा थर आडवा मारत होती.

कलाबाई पिठाचे हात पुसत दारात आली आणि थांबली. सावली हललेली इंदूला कळली. काम झालंच आता, असं इंदू आपणहून म्हणाली.

"इंदू," कलाबाई हळूच म्हणाली, "भिंतीवर काय दिसून राहिलं तुले?"

इंदूला वाटलं, बाई काम पारखून पाहते आहे.

"ओली आहे न अजून, बाई. सुकली का पांढरीफक्क होते. जयवंताचे हात सोडले मी, दरसालसारखे. बाकी कुठं एक डाग नाही."

कलाबाईला सगळं समजलं.  पुढं येऊन तिनं इंदूचं मनगट धरलं. जयवंतानंतर या घरातल्या माणसाची बोटं इंदूच्या अंगाला लागली ती आज.  कलाबाईनं तिचा तळवा भिंतीवर दाबला.

"इथं होती माही जयवंता. तुहा हात आहे तिथं."

मग तिनं पदराचं टोक भिजवून चुना पुसायला घेतला. चुन्याबरोबर हळदही आली. एक बोट पुसून गेलं तेव्हा ती थांबली आणि भिंतीसमोर खाली बसली. इंदू तिच्या बाजूला बसली. तिला कुणी ऊठ म्हटलं नाही.

ऊन चढेल तशी भिंत सुकत गेली. इंदूनं अधूनमधून विचारावं, बाई, दिसतात का अजून? कलाबाईनं मान हलवावी आणि मग हिला मान दिसत नाही हे आठवून तोंडानं सांगावं, दिसतात. इंदूचं काम चोख होतं. चुना एकसारखा, दाट, कुठं रेघ नाही.

"आता?" इंदूनं विचारलं.

"आता नाही," कलाबाई म्हणाली.

कलाबाईनं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. इंदूनंच घरी जाऊन सांगितली आणि कुंचा अडगळीत टाकला. कुसुमनं भाकर बंद केली नाही. फक्त ताटली जरा जोरात ठेवली जाऊ लागली. तो आवाज आला की इंदू हात पुढं करून भाकर कुठं आहे ते चाचपायची.