अकरा वेळा मेलेला इंजिनिअर

१४ मार्च १९९४. त्या दिवशी सोमवार होता. कोणतीही जुनी दिनदर्शिका पाहून हे पडताळता येतं. कागद गिरणीच्या आवक-नोंदवहीत त्या तारखेला एकच नोंद आहे: ‘इंजिनिअरचं इंग्रजी पत्र, एक पान, भाषांतरासाठी.’ समोर निळ्या पेन्सिलीची खूण आहे. ती पेन्सिलबाईंची.

पेन्सिलबाई एकोणीस वर्षं गिरणीतली इंग्रजी पत्रं भाषांतरित करत होत्या. त्यांची रीत ठरलेली होती. टेपनं, तराजूनं किंवा घड्याळानं मोजता येईल अशा शब्दांखाली त्या लाल रेघ मारत. मोजता येत नाही तिथं भाषा नटलेली असते, असं त्या मानत, आणि तिथं निळी रेघ मारून थांबत. त्यांच्या या थांबण्याला अख्खं ऑफिस कंटाळलेलं होतं.

या पत्रात निळी रेघ एकाच वाक्याखाली पडली. तीन दिवसांपूर्वी दोन नंबरच्या बॉयलरचा व्हॉल्व्ह फुटून भट्टीवरच्या फायरमनचा हात भाजला होता. नवा व्हॉल्व्ह वेळेवर मिळाला नाही म्हणून इंजिनिअरनं व्यवस्थापकांना लिहिलं होतं: ‘आय कुड मर्डर द स्टोअरकीपर.’ पत्रातला ‘मर्डर’ कानावर येताच स्टोअरकीपरनं तक्रार केली आणि गुरुवारी चौकशी ठरली. इंजिनिअरची नोकरी भाषांतराच्या एका ओळीवर येऊन टेकली.

टाइपरायटरवर पेन्सिलबाईंची नणंद बसत असे. तिनं कागद चढवलाही.

“सरळ तर आहे, वहिनी. ‘मी स्टोअरकीपरचा खून करू शकतो.’ मारू टाइप?”

“हात आवरा, वन्सं.”

“पांढऱ्यावर काळं केलंय त्यानं!”

“केलंय. आणि तुम्ही रोज बाराच्या ठोक्याला म्हणता, भुकेनं जीव गेला. आजवर किती वेळा गेला?”

“माझी गोष्ट वेगळी. मला फाईल नाही.”

“त्याला आहे,” म्हणत पेन्सिलबाई उठल्या. ही अतिशयोक्ती आहे हे त्यांना कळत होतं. पण चौकशीपुढे नुसतं कळून भागणार नव्हतं.

तीन वर्षांची चौसष्ट पत्रं त्यांनी दोन दिवसांत पुन्हा वाचली. इंजिनिअर त्यांत अकरा वेळा मेला होता: चार वेळा शरमेनं, पाच वेळा उकाड्यानं, दोनदा कंटाळ्यानं. एका वॉशरसाठी त्यानं हजार वर्षं वाट पाहिली होती. आवक-नोंदीप्रमाणे सहा दिवस. बुधवारी दुपारपर्यंत पुरावा भक्कम झाला आणि पेन्सिलबाई मनातून सुखावल्या.

मग एक उलटी गोष्ट ध्यानात आली. यंत्राचा विषय निघाला की हाच माणूस आवाज खाली आणत होता. पंप ‘जरा दमलाय’ असं त्यानं लिहिलं, आणि दोन दिवसांत पंप बंद पडला. पट्टा ‘फारसा खूश नाही’ असं लिहिलं, आणि आठवड्यात पट्टा तुटला. आणि २१ फेब्रुवारीच्या पत्रात दोन नंबरचा व्हॉल्व्ह ‘अ बिट अनवेल’ होता.

खाली त्यांचंच भाषांतर होतं: ‘व्हॉल्व्ह किंचित नादुरुस्त वाटतो.’ त्याखाली स्टोअरकीपरचा शेरा: ‘किंचित असेल तर पुढच्या महिन्यात पाहू.’

पेन्सिलबाईंनी मूळ इंग्रजी ओळ पुन्हा वाचली. न्यूनोक्ती होती ती, मोठा धोका लहान शब्दांत सांगायची इंग्रजीतली जुनी सवय. ‘अ बिट’ हे माप समजून त्यांनी तिच्याखाली लाल रेघ मारली होती.

नणंदेनं खांद्यावरून वाचलं. “वहिनी, हे पान राहू द्या फाईलीत. खुनाचं तेवढं निस्तरा. बाकीचं कोण बघतंय?”

“मी बघितलं ना.”

“तुमच्या नोकरीवर येईल हो!”

“येऊ दे. अर्धा पुरावा देऊन त्याला सोडवायचा, तर मग मी एकोणीस वर्षं केलं काय?”

गुरुवारी चौकशीच्या टेबलावर त्यांनी चौसष्ट पत्रांचा तक्ता ठेवला आणि सगळा वाचला. आवाज कुठंही अडखळला नाही. अध्यक्षांनी चष्मा काढला.

“म्हणजे बाई, हा गृहस्थ माणसांबद्दल फुगवून लिहितो आणि यंत्रांबद्दल दाबून?”

“हो साहेब. दोन्हींना तारीखवार दाखला आहे.”

“आणि फेब्रुवारीचं भाषांतर कुणाचं?”

“माझं. चुकलेलं आहे. दुरुस्त प्रत मागच्या पानावर आहे.”

इंजिनिअर नोकरीत राहिला. स्टोअरकीपरची त्यानं लेखी माफी मागितली. पेन्सिलबाईंच्या सेवापुस्तकात ठपका आला: ‘डोंगराएवढी चूक.’ त्यांनी सही करण्याआधी पेन्सिल काढली आणि ‘डोंगराएवढी’खाली निळी, ‘चूक’खाली लाल रेघ मारली. मग फायरमनला भेटायला गेल्या, आणि त्यालाही फेब्रुवारीची ओळ वाचून दाखवली. तो काय म्हणाला, याची कुठं नोंद नाही.

तेव्हापासून गिरणीतल्या प्रत्येक भाषांतराखाली ‘आशय’ अशी वेगळी ओळ दिसते.

एक गोष्ट मात्र अजून अज्ञात आहे. फेब्रुवारीच्या त्या आठवड्यात स्टोअरच्या फळीवर नवा व्हॉल्व्ह होता की नव्हता? साठा-वहीचं ते पान सापडलेलं नाही. भाषांतर बरोबर असतं तर हात वाचला असता का, हे त्यामुळे सांगता येत नाही.