चार नंबरच्या टेबलावरचं पापलेट

ताईंनी भरल्या पापलेटाचा तुकडा मोडला होता. घास बोटांत होता. मी म्हटलं, "ताई, घास खाली ठेवा," आणि त्यांच्या पुढची प्लेट उचलली.

जेवत्या माणसापुढून प्लेट उचलणं म्हणजे आमच्या धंद्यातलं मोठं पाप. मी चौथीपर्यंत शिकलेला. पण नागावच्या किनाऱ्यावर एकाच हॉटेलात चाळीस वर्षं वेटर आहे आणि असं कधी केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. त्याचा मला अभिमान आहे.

शनिवारची दुपार होती. चार नंबरला पुण्याची अकरा माणसं बसलेली, वडिलांच्या पंचाहत्तरीला आलेली. ऑर्डर आमचे मॅनेजर सावंत साहेब यांनी टॅबवर घेतली. टॅबवर बोट दाबलं की किचनमध्ये केओटी निघते, म्हणजे कुठल्या टेबलाला काय हवं त्याची चिठ्ठी. मी टॅबला हात लावत नाही. ऑर्डर झाली तरी टेबलाभोवती फिरतो, कोणाला काय चालत नाही ते विचारतो आणि खुर्चीसकट डोक्यात ठेवतो. साहेबांना ते पटत नाही. आठवड्यापूर्वीच म्हणाले होते, "काका, तेच तेच विचारून वेळ घालवता. पुढच्या महिन्यापासून पार्किंग बघा तुम्ही."

इतकी वर्षं पानं वाढली आणि आता गाड्यांना शिट्ट्या मारायच्या. मी हो म्हटलं नव्हतं.

खिडकीजवळच्या ताई मला म्हणाल्या, "मासे सगळे चालतात काका. फक्त कोलंबी नको. घसा सुजतो, श्वास अडकतो." साहेबांनाही त्यांनी हे सांगितलं होतं. केओटीवर 'नो प्रॉन्स' आलंही होतं.

मी सोलकढी आणायला आत गेलो. आमची स्वयंपाकीण पार्वतीवहिनी तव्यावर जवळा भाजत होती. जवळा ही कोलंबीचीच जात, पण तांदळाच्या दाण्याएवढी. सुकवून ठेवतात.

"वहिनी, हा कशाला?"

"पापलेटात भरायच्या चटणीत. दुसऱ्यांदा वाटायची हाय."

"चार नंबरच्या पापलेटात पण घातलास?"

"मग? त्याबिगर चव हाय काय त्याला?"

"त्यांच्यातल्या ताईंना कोलंबी चालत न्हाय."

"मी कुठं कोलंबी घातली, भावजी? जवळा हाय तो."

तिला मी दोष देणार नाही. आमच्या गावात जवळा मिठासारखा वापरतात, त्याला कोणी कोलंबीत धरत नाही. काउंटरवर बघितलं तर प्लेट नव्हती. गर्दी होती म्हणून साहेबांनी स्वतःच नेली होती.

मी धावलो नाही. हॉलमध्ये वेटर धावला की सगळी टेबलं दचकतात. लांब पावलं टाकत गेलो आणि वर सांगितलं ते केलं.

ताईंचे मिस्टर उठून उभे राहिले. "हा काय प्रकार आहे?"

साहेब हसत आले, पण दात आवळलेले. "सॉरी सर. काका, प्लेट ठेवा."

"न्हाय ठेवणार."

"केओटीवर नो प्रॉन्स लिहिलंय."

"जवळ्याचं कोणी लिहिलंय का, साहेब?"

साहेबांचं हसू गेलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मसाला जास्त झाला म्हणून सांगू." मी ऐकलं नाही. ताईंना सरळ सांगितलं, "यात सुका जवळा आहे. चूक आमची."

ताईंनी बोटं पुसली. पर्समधून श्वास अडकला तर टोचायचं इंजेक्शनचं पेन काढून टेबलावर ठेवलं. "हे घेऊनच फिरते मी," एवढंच बोलल्या. मग म्हातारे वडील माझ्याकडे बघून म्हणाले, "ते झालं. आता माझ्या पोरीला उपाशी बसवणार का?"

नाही बसवलं. त्यांना हात धुवायला नेलं. प्लेट, चमचा, पाण्याचा ग्लास बदलला. वहिनीला चार वेळा विचारून वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी लगेच वाढली. दहा माणसं जेवतात आणि अकरावं रिकाम्या प्लेटीकडे बघतं, ही वाढण्याची रीत नाही. मग घासलेला तवा, नवं तेल, हळद-तिखट-मीठ लावलेलं दुसरं पापलेट. ते तळून होईपर्यंत मी तव्यापाशी उभा होतो. वहिनी म्हणाली, "आता मलाच बाजूला करून तळता काय?" पण तळून दिलं छान. ताईंनी काटाही स्वच्छ केला.

निघताना वडील साहेबांना म्हणाले, "पुढच्या वर्षी परत येऊ. हे काका असतील ना?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "असतील," म्हणाले.

पार्किंगचा विषय परत निघाला नाही. आता रोज सकाळी वहिनी कशात काय वाटलंय ते सांगते आणि साहेब ते टॅबवर घालतात. पहिल्या दिवशी तिने जवळा सांगितलाच नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तो काय सांगायचा, तो असतोच."

रोजचं जे असतं ते कोणी सांगत नाही. ते विचारावं लागतं. मी अजून विचारतो.